भिंतीशी बोलणारा मिस्त्री

सणसरला आमच्या घराखाली काळी माती, त्यामुळे भिंतींना तडे ठरलेले. ते बुजवायला येणारा मिस्त्री माणसांशी तुटक बोलायचा, भिंतीशी मात्र भरभरून. बोटांनी टकटक करून कान लावायचा आणि विचारायचा, "काय गं, दुखतंय व्हय?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नणंदेला बघायला अंथुर्ण्याचे पाहुणे येणार होते. बैठकीच्या खोलीला गुलाबी रंग द्यायचं खूळ माझं. लग्नं रंगावरच जमतात, अशी तेव्हा माझी पक्की समजूत! मिस्त्रीनं आधी तड्यावर कागदाची पट्टी चिकटवली. "वैनी, पट्टी फाटली तर भिंत अजून हलतीया. तवर लिंपायचं न्हाय." आणि गेला निघून.

पाहुणे आले, तडा तसाच. मी हातात पोह्यांची बशी घेऊन तड्याला पाठ लावून उभी, रखवालदारासारखी. मुलीला प्रश्न विचारणं चाललं होतं, तेवढ्यात मिस्त्री दारात. "वैनी, सरका. पट्टी बघायचीय."

सरकले. मुलाचे वडील ताडकन उठले. मोडलं लग्न, मी मनात म्हटलं. ते थेट भिंतीजवळ गेले. "आमच्या माडीलाबी असाच तडा हाय की वो!" मग दोघंही भिंतीला कान लावून उभे. नणंद पदराआड हसली, तिला बघून मुलगाही.

निघताना वडील म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पण मिस्त्री उद्यापासनं आमच्याकडं."

नणंद मी लगेच दिली. मिस्त्रीसाठी मात्र चहा गार होईपर्यंत भांडले.