आप्पांची मान आणि यवतचा थांबा

चिपळूणहून निघताना सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, डब्याबरोबर हुकूमही बांधून दिला. "आप्पा माझं ऐकत नाहीत. जावयाचा शब्द मात्र खाली पाडणार नाहीत. त्यांना पुण्याला घेऊन जाच."

आप्पा म्हणजे माझे सासरे, मुक्काम वडगाव रासाई. त्यांच्या मानेच्या मणक्यांत नको तिथे हाड वाढून मज्जारज्जू दाबला जात होता. शर्टाची बटणे लागत नव्हती, चालताना तोल जायचा. आता ऑपरेशन टाळले तर अंथरूण धरतील, असे डॉक्टरांनी बजावले होते. आप्पांचे एकच पालुपद, मानेला सुरी लागली की माणूस संपला.

पुण्याहून दौंडच्या शटल रेल्वेने केडगावला उतरायचे होते. कोकणी माणसाला सपाट जमीन दिसली की झोप येते. कुणीतरी हलवले, "उठा पाव्हणं, दौंड आलं. म्होरं जात न्हाई गाडी." मुकाट्याने एस.टी.ने उलटा फिरलो. पाटसला उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि मळीचा (साखर काढल्यावर उरणारा काळा चिकट रस) आंबूस वास. रस्त्याकडेला वाढ्याचे (उसाचे हिरवे शेंडे) भारे. पुढे वडापने (खेपा करणारी जीप) भीमा ओलांडून वडगाव गाठले.

सासूबाईंनी बाजरीची भाकरी आणि वांग्याचे कालवण वाढले. आप्पांना भाकरीचा तुकडा मोडेना. सासूबाईंनी ती दुधात कुस्करून दिली. जावयासमोर हे झाल्याने आप्पा खाली बघून जेवले. मला वाईट वाटले. लगेच विषय काढला, तर म्हणाले, "तुमास्नी न्हाई कसं म्हणायचं? जाऊ सकाळी." इतक्या सहज! सुनीताला फोन करून मी मिशीला पीळ भरला.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या जीपने निघालो. यवतला आप्पांनी गाडी थांबवली. "दाढी करू. दवाखान्यात असं कसं जायाचं?"

बबन त्यांचा जुना न्हावी. दाढी झाली, मी चहाचा घोट घेतला आणि आप्पा म्हणाले, "आता मान मोड. चांगली जोरात." बबनने एक हात हनुवटीला, एक डोक्यामागे लावला.

"थांबा!" मी ओरडलो. चहा माझ्याच पँटीवर. "मानेला हिसका बसला तर जागेवर लुळे पडतील!"

बबनने चटका बसल्यासारखे हात काढले. "आप्पा, ह्ये आदी सांगायचं का न्हाई?"

"एकदा मोकळी झाली म्हंजी आप्रेशनच नगं," आप्पा शांतपणे म्हणाले. "त्यासाठीच तर आलो."

म्हणजे जावयाचा शब्द यवतपर्यंतच होता. मला संताप आला.

बबन खाली वाकून केस झाडत होता, तो तसाच थांबला. "आप्पा, डाव्या पायातली चप्पल कुठं हाय?"

आप्पांनी पायाकडे पाहिले. मग आम्ही तिघांनी दाराबाहेर पाहिले. चप्पल जीपपाशी पडली होती. मधल्या अंतरातून आप्पा अनवाणी चालत आले होते. बबनने पाऊल उचलून तळव्यात रुतलेला बाभळीचा काटा ओढून काढला. रक्ताचा थेंब आला.

"दुखलं का?"

"न्हाई." आप्पा त्या पायाकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसे बघत राहिले. मग खुर्चीचा हात धरून उठले. "चला पाव्हणं. उशीर नगं."

ऑपरेशनचे टाके निघाल्यावर त्याच रस्त्याने परतलो. गळ्यात पट्टा, पायात मागून बंद लावलेली सँडल. बटणे अजून दुसऱ्यानेच लावावी लागतात. गेलेले सगळेच परत येईल असे नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. प्रवासातून काय आणले, असे घरी विचारतील. सांगायला माझ्याकडे यवतचीच गोष्ट आहे.

बबनला भेटायला आप्पा तिथे उतरले. माझा हात धरून चार पावले चालले आणि मध्येच थांबले.

"काय झालं आप्पा?"

"खडा रुततोय."

मी घाईने खाली वाकलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या जरा."