जानेवारीतली बाग

आमच्या ऑफिसात सगळ्यांत कमी बोलणारी मुलगी म्हणजे सुकेशनी. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसते आणि दोघींच्या वाटचं एकटीच बोलते, असं आमचे अभय सर म्हणतात. म्हणू देत. त्या खोलीत कुणीतरी बोलायला नको का?

काम ऐकायला मोठं आणि करायला किचकट. उपग्रहानं काढलेली जुनी चित्रं घ्यायची आणि कुठल्या साली कुठली जमीन ओलिताखाली होती, तिथं काय पीक होतं, ते नकाशावर आणायचं. या चित्रांत हिरवं पीक लाल दिसतं. नवा माणूस पहिला आठवडा डोकं धरून बसतो. कॉम्प्युटरलाही आधी शिकवावं लागतं: ही बघ मोसंबीची बाग, हा गहू, ही पडीक. असे खात्रीचे थोडे तुकडे दाखवले की तो सगळा जिल्हा आपला आपण रंगवतो. दहा-बारा वर्षांमागचे खात्रीचे तुकडे मात्र आणायचे कुठून? गावच्या म्हाताऱ्यांना विचारायचं, नाहीतर स्वतःच्या आठवणीतून काढायचे.

सुकेशनी गंगापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. दोन एकर रान, कोपऱ्यात विहीर. त्यांच्या वस्तीत मोसंबी लावणारा पहिला माणूस तिचा बाप, आणि याचा तिला कोण अभिमान. ती शाळेत असतानाच तो गेला. पुढं बाग आणि पोरगी, दोन्ही तिच्या मायनं, आशाबाईनं, एकटीनं वाढवली. आता माय गावात एकटी आणि ही इथं शहराच्या टोकाला, बीड बायपासच्या पलीकडं एका खोलीत एकटी. तिथं आमच्या जुन्या चित्रात गव्हाचे लाल चौकोन आहेत, आज नुसत्या बिल्डिंगा. एकदा तिनं स्क्रीनवर बोट ठेवून मला दाखवलं, "ताई, मी इथं या गव्हात झोपते." त्या बिल्डिंगीत तिला नावानं हाक मारणारं कुणी नाही. रविवारी बोलतेस तरी कुणाशी, असं मी विचारलं, तर म्हणाली, "दूधवाल्याशी."

बागेचा विषय निघाला की मात्र ती खुलायची. दुष्काळाच्या त्या साली, दोन हजार बाराच्या हिवाळ्यात, ती इथं होस्टेलवर होती. शेवटचं वर्ष. मायनं दिवाळीला येऊ नको म्हणून सांगितलं. पाण्याचे हाल आहेत, अभ्यास बुडेल. पण गंगापूरच्या जीपवाल्याबरोबर मोसंबीची पिशवी न चुकता यायची. सगळं गाव वाळलं तरी आमची बाग उभी आहे, असं सांगत ही खोलीतल्या मुलींना वाटत बसायची. परीक्षा संपवून उन्हाळ्यात घरी गेली, तर रानात नुसती खुंटं. माय म्हणाली, मागच्या महिन्यात वाळली, लई जपली पण नाही टिकली. हिनं ते खरं धरलं. मायचं कोण खोटं धरतं?

यंदा आमच्याकडं त्याच हिवाळ्याचं, जानेवारीचं चित्र आलं. बागेचा खात्रीचा तुकडा म्हणून सुकेशनीनं आपल्याच दोन एकरांवर चौकोन काढला. तिच्या मते त्याहून खात्रीचं काय होतं!

कॉम्प्युटरनं मग असा काही घोळ घातला की विचारू नका. उजाड माळांवर मोसंबीच मोसंबी. अभय सर म्हणाले, "ऐन दुष्काळात एवढ्या बागा? मग टँकर काय झाडांना अंघोळ घालायला लावले होते?" मी हसले. मग एकेक तुकडा तपासायला बसलो. बाकीच्या बागा लालभडक. एकच चौकोन राखाडी, पडीक रानासारखा.

"हा कुणी घेतला?" सरांनी विचारलं.

"आमचा आहे तो," सुकेशनी म्हणाली.

तिनं मागची चित्रं उघडली. डिसेंबर राखाडी. नोव्हेंबर राखाडी. ऑक्टोबरमध्येही तेच. त्याच्या आदल्या वर्षी मात्र बाग ठळक लाल. सर भला माणूस. "चुकतं माणसाचं, काढून टाक तो," एवढंच म्हणून गेले. त्यांच्या लेखी काम मिटलं.

"मग ती मोसंबी कुठली होती, ताई?" तिनं मला विचारलं.

जिन्यात जाऊन तिनं मायला फोन लावला. हिच्या चेहऱ्याचा रंग बघून मीही मागोमाग गेले. आशाबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या ओरडून बोलतात. मला सगळं ऐकू आलं.

"व्हय, पोळ्याच्या आदीच वाळली. तोडून सरपण केलं."

"मला का नाय सांगितलं, माय?"

"सांगून? पेपर टाकून आली असतीस. बापावानी हट्टी तू. झाडाला पाणी नव्हतं, तू येऊन काय करणार व्हतीस?"

"आन मोसंबी?"

"पैठणकडं बागा व्हत्या की धरणाच्या पाण्यावर. तिथं तोडायला जात व्हते. खाली पडलेली देत व्हते ते लोक. त्यातली बरी बरी तुला."

मला त्या बाईचा रागही आला आणि तिचे पाय धरावेसेही वाटले. सगळा हिवाळा ती दुसऱ्याची बाग तोडत होती आणि लेकीला आपली उभी आहे म्हणून सांगत होती. संध्याकाळी त्या खुंटांच्या रानात परत यायची, तेव्हा घरात बोलायला भिंती.

"तुला कुनी सांगितलं गं?" पलीकडून प्रश्न आला.

"वरून काढलेला फोटो हाय, तवाचा. त्यात दिसलं."

मायनं विचारलं, "मंग त्यात मी दिसले का?"

"नाय माय. माणूस नाय दिसत त्यात."

"बरं झालं. तवा मी लई वाळले व्हते."

सुकेशनी रडायला लागली. तशातच तिनं विचारलं, "आन आता? आता कशी हायेस?"

"आता कोन बघायलंय," असं म्हणून आशाबाई हसल्या.

सुकेशनीनं दुपारचीच जीप धरली.