हरकत राखून

हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर मी अकोल्याच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेत होतो. औषधाच्या खिडकीपाशी मूर्तिजापूरचे एक वयस्क रजईवाले नेहमी माझ्या मागे उभे असत. कापसाच्या पडत्या वर्षांत त्यांचा धंदा बसला होता. पण गोळीची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. साध्या अॅसिडिटीच्या औषधाचे वेष्टनही ते रुमालाची गाठ सोडून खिडकीत धरत आणि गोळ्या देणाऱ्या बाईंना विचारत, "हे त्या गोळीसंग चालते का, बाई?"

एकदा मला महिन्याऐवजी पंधराच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. मी संतापलो. नियमाप्रमाणे पूर्ण द्या किंवा नकार लेखी द्या, अपुरे मी स्वीकारणार नाही, असे बजावून मी पाठ फिरवली.

"वकीलसाब, घरी किती गोळ्या हायेत?" मागून रजईवाल्यांनी विचारले.

मी वकील नव्हे, कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा, हे सांगायचे राहून गेले. "एक," मी म्हणालो.

"मंग परवा का अर्ज गिळसान? कागदाले उशीर चालते, गोळीले खाडा चालत नाई. घ्या, अन् सहीखाली लिहा, राजी नाई म्हनून."

चाळीस वर्षे इतरांच्या कागदांवर 'हरकत राखून' लिहिणारा मी स्वतःच्या वेळी तेच विसरलो होतो. तसे लिहून मी गोळ्या घेतल्या आणि तिथल्याच बाकावर बसून तक्रार लिहिली. उरलेल्या गोळ्या वेळेत आल्या. खाडा पडला नाही.

त्या तक्रारीत साक्षीदाराच्या नावाची जागा मात्र कोरी राहिली. रजईवाल्यांचे नाव विचारण्याचे सौजन्य माझ्या संतापाला सुचले नव्हते.