पेनड्राइव्ह पुसण्याआधी

मित्रमैत्रिणींनो, घरातली पहिली ग्रॅज्युएट असल्याने वाडीतल्या वाचनालयाचा बंद पडलेला संगणक माझ्याकडे आला. त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घालायची, तर आधी पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवावा लागतो.

आज आईने कपाटातून एक पेनड्राइव्ह काढून दिला. "घे गो, रिकामो आसा. टीव्हीक लावन बघितलंय, कायच दिसला नाय."

तो माझ्या लॅपटॉपला लावला. इन्स्टॉलर बनवणाऱ्या प्रोग्रामने विचारलं, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? 'हो' म्हणण्याआधी मी सहज उघडून पाहिलं. आत आवाजाची एकच फाइल होती. टीव्हीवर चित्र येणार कुठून?

फाइल लावली, तर गेल्या वर्षी वारलेले आजोबा चतुर्थीचं गाऱ्हाणं घालत होते, म्हणजे गणपतीपुढे घरादारासाठी मागणं मागत होते. प्रत्येक मागण्यानंतर घरचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. आजोबा गेल्यापासून गाऱ्हाणं बाबा घालतात, पण अर्ध्यावर अडतात.

अंगणात जाळं शिवणारे बाबा तिथूनच म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग आत येऊन माझ्या शेजारी बसले. "परत लाव गो. माका पाठ करूचा आसा."

फाइल आधी सगळ्यांच्या फोनवर घेतली, मगच इन्स्टॉलर बनवला.

तुमच्या घरी गाऱ्हाणं कोण घालतं? त्यांचा आवाज कोणी जपून ठेवलाय का?