कोंडाबाईने अंगठा दिला नाही

कोंडाबाई मुळशीच्या डोंगरातल्या एका वाडीवर राहायची. हिरडा वेचायची, मोळ्या विकायची. तिची लेक फुला ही वाडीवरून शाळेत जाणारी पहिली मुलगी.

१९५८ च्या मे महिन्यात फुलानं तिसरीचं प्रगतिपुस्तक घरी आणलं. त्यावर पालकाचा अंगठा लागायचा. कोंडाबाईनं ते आधी भिवाजी कोतवालाकडून वाचून घेतलं. तोंडी गणितात शून्य. नापास. खाली शेरा: ‘बुद्धी मंद.’

“तुला येत न्हाई व्हय गं?”

“मला इचारलंच न्हाई, आये. सायेब येनार हुते म्हून गुरुजींनी पानी भराया धाडलं. मी परत आले तवर परीक्षा उरकलीवती.”

कोंडाबाई फुलाला घेऊन तडक शाळेत गेली. गुरुजींनी शाईची डबी पुढे सरकवली.

“अंगठा लाव.”

“न्हाई लावत. आदी माज्यादेखत इचारा तिला.”

“परीक्षा झाली, बाई.”

“हिची कुटं झाली? पानी भरायचं मार्क द्या मग!”

शाळेच्या ओट्यावर बसलेली माणसं हसली. गुरुजी वरमले. “सात पाऊण किती?” त्यांनी विचारलं.

“सव्वापाच.”

“आजून अवघड इचारा,” कोंडाबाई म्हणाली. “मागनं कुनी म्हनायला नको, सोपं इचारलं.”

गुरुजींनी आणखी नऊ प्रश्न विचारले. फुला एकदाच चुकली. त्यांनी शून्यावर काट मारून मार्क भरले, पण शेरा खोडायला तयार होईनात. मार्क लिहिताना चुकले म्हणता येईल, पण शेरा खोडला तर वर जाब द्यावा लागेल, म्हणाले. अंगठ्याशिवाय चौथीत घेणार नाही, असंही बजावलं.

“मंद म्हनलेल्या कागदाला माजा अंगठा लागनार न्हाई,” म्हणून ती उठली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिनं फुलाला चौथीच्या रांगेत नेऊन बसवलं आणि स्वतः दारात ठाण मांडलं. गुरुजींनी हजेरीत नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कोंडाबाईची मजुरी बुडत होती, तरी ती हलली नाही. चौथ्या दिवशी गुरुजींनी दाराकडे पाहिलं आणि यादीच्या शेवटी फुलाचं नाव पुकारलं.

“हजर!” फुला एवढ्या मोठ्यानं ओरडली की सगळा वर्ग वळून बघायला लागला.

पुढच्या सहामाहीला, पोरं शाळेत असलेल्या वाडीवरच्या तीन बाया कोंडाबाईबरोबर शाळेत आल्या. गुरुजींनी प्रगतिपुस्तकं वाटायला घेतली, तशी कोंडाबाई म्हणाली, “अंगठ्याआदी वाचून दावा. एकेक.”

गुरुजींनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.