मनोरा कोणत्या बाजूला

माझे सासरे नौदलात होते, हे लग्न ठरवताना मला तीन जणांनी सांगितलं. लग्नानंतर त्यांनी स्वतः मात्र कधी विषय काढला नाही. नोकरी संपवून ते पेठ गावाजवळच्या मळ्यात परतले आणि बटाट्यात असे रमले, की या माणसानं कधी समुद्र पाहिला असेल असं कुणाला वाटू नये. एकाहत्तरच्या लढाईत ते विमानवाहू जहाजावर होते, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं.

मी ओतूरला शाळेत चित्रकला शिकवतो. वीस वर्षं झाली तरी सासरे मला 'पावणं' म्हणतात. मी आलो की खुर्ची झटकतात, माझ्या आधी ताटावर बसत नाहीत आणि मी काहीही बोललो तरी उलट बोलत नाहीत. जावयाशी वाद घालायचा नाही, हा त्या घरचा रिवाज. मला तो रिवाज फार आवडायचा, हे आता सांगायला लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. विहिरीवरची मोटार चालू करायचे आणि बंद करायला विसरायचे. वाफ्यात तळं साचायचं. एकदा मंचरला औषध आणायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. माझा मेहुणा शेती बघतो. आप्पांना एकटं कुठं सोडायला नको, असं तो बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोनवर सांगू लागला. त्याच सुमारास एका रविवारी सासऱ्यांनी मला गोठ्याच्या मागं गाठलं.

"पावणं, तुमच्या हातात कला हाये. आमचं जहाज करून द्या. मला आठवतंय तवर करून घ्या."

मी ताबडतोब हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला त्यांच्यापेक्षा जहाजाचाच जास्त मोह पडला होता.

मोबाइलवर त्या जहाजाचे जुने फोटो शोधले आणि एक सेंटीमीटरला दोन मीटर असं प्रमाण धरलं. जहाज साडेतीन फुटांच्या आसपास गेलं. जुनं दार दोन क्रेटवर आडवं टाकून ओसरीवर टेबल केलं. सांगाडा प्लायचा, वरचा डेक सनबोर्डचा. तोफांच्या नळ्या ठिबकच्या बारीक नळीच्या. विमानं पांगाऱ्याच्या लाकडातून कोरली, एकेक बोटाएवढं. राखाडी रंगासाठी ओतूरच्या हार्डवेअरवाल्या शेठनी मला तीन डबे उघडून दाखवले आणि शेवटी म्हणाले, "सर, लोक गेटला मारतात तोच घ्या, पाण्याला टिकतो." माझं जहाज पाण्यात जाणार नाही हे त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली.

दर रविवारी सकाळी मी मोटारसायकलवर निघायचो आणि आळेफाट्याला चहा घेऊन दहापर्यंत पेठला पोचायचो. सासरे आंघोळ करून, स्वच्छ टोपी घालून बसलेले असायचे. फोटोत दिसत नाही असं बरंच ते सांगायचे. उन्हात डेक असा तापायचा की बुटातून चटका बसायचा. वारा इतका, की बोलायचं ते हातांनी. जहाजावरचे डाव्या-उजव्या बाजूंचे इंग्रजी शब्द मात्र त्यांना आठवत नव्हते, आणि आठवत नाहीत म्हणून ते स्वतःवरच चिडायचे. शेजारचे लोक बघायला येत. एकानं डेक नीट न्याहाळून विचारलं, "राव, खऱ्या जहाजाचं हे वरचं रान किती गुंठं भरंल?" त्यावर सासरे आणि तो अर्धा तास हिशोब करत बसले. एवढ्या रानात बटाट्याचं बियाणं किती लागेल, इथपर्यंत ते पोचले होते. सासरे इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते.

मग मनोरा आला. विमानवाहू जहाजाच्या डेकवर एका कडेला उंच बांधकाम असतं. तिथून कप्तान सगळं बघतो. मी तो घरी महिनाभर खपून केला होता. खिडक्या, शिड्या, स्टेपलरच्या पिनांचे कठडे. त्या रविवारी घरात पाहुणे होते, मेहुणा होता, माझी बायकोही आली होती. मी मनोरा डेकच्या उजव्या कडेला ठेवला.

सासरे म्हणाले, "पावणं, मनोरा डाव्या अंगाला."

"नाही मामा, उजवीकडे."

"डाव्या अंगालाच. उजव्या हाताला तर समुद्र व्हता."

मी हसलो. पाहुणेही हसले. "मामा, जहाजाच्या सगळ्याच बाजूंना समुद्र असतो," असं म्हणून मी मोबाइल काढला आणि फोटो त्यांच्यासमोर धरला. चूक दिसली की माझ्या हातात लाल पेन्सिल येतेच. शाळेत येते तशी तिथंही आली. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"आसंल," ते म्हणाले. "फोटू कशाला खोटं बोलंल."

ते उठून आत गेले. मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं. बघ, मी म्हणत होतो ना, असं ते बघणं होतं. परतीच्या वाटेवर नारायणगावला बायकोनं गाडी थांबवायला लावली. मग म्हणाली, "चार माणसांत खोटं पाडलंत त्यांना. तुमाला ते उलटून बोलणार न्हाईत, म्हणून."

पुढचे तीन रविवार सासरे टेबलाजवळ यायचे, पण काही सांगायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "तुमी म्हणताल तसं." पूर्वी शिडी अर्धं सूत सरकली तरी चालायची नाही त्यांना. जहाज पुरं होत आलं होतं आणि माझा हात त्यावर चालेना.

चौथ्या रविवारी तारांपाशी अडलो. डेकच्या मागच्या भागात आडव्या तारा ताणलेल्या असतात. विमान उतरताना त्याच्या शेपटीखालचा हूक तारेत अडकतो आणि विमान थांबतं. त्यासाठी मी जळलेल्या मोटारीच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार आणली होती, पण ती किती ताणायची ते फोटोवरून कळत नव्हतं. मी विचारलं, "मामा, तुम्ही तिथं नक्की काय काम करायचात?"

इतके महिने मी हे विचारलंच नव्हतं.

"हूक सोडवायचो," ते म्हणाले, आणि मी न सांगता उठले. अंगणात जाऊन गुडघे वाकवून बसले. "ह्यो डेकचा काठ. आमी काठाला दबून बसायचं. इमान मागनं यायचं, म्हणून आमचं तोंड मागं." त्यांनी आभाळाकडे बोट केलं. "आलं... तार धरली... पळ!" आणि पंचाहत्तरीला टेकलेला तो माणूस खरंच पळाला. वाकून न दिसणारा हूक सोडवला आणि हात वर करून परत काठाला येऊन बसला. मी बघायला पुढं सरकलो तसे ते ओरडले, "तिकडं नगं! डाव्या अंगाला मनोरा हाये!"

मी जागच्या जागी थांबलो. मग ओसरीवर जाऊन जहाजाच्या मागच्या भागात, मनोऱ्यासमोरच्या काठावर बोट ठेवलं आणि स्वतः जहाजाच्या मागच्या टोकाकडे तोंड करून उभा राहिलो. उजव्या हाताला काठ होता, म्हणजे समुद्र. डाव्या हाताला सगळा डेक आणि डाव्या खांद्यामागं मनोरा. सासऱ्यांनी ते जहाज आयुष्यभर मागं तोंड करूनच आठवलं होतं. पुढं बघायची त्यांची नोकरीच नव्हती.

मी आत हाका मारून सगळ्यांना बाहेर बोलावलं. बायकोला, मेहुण्याला, सासूबाईंना एकेक करून तिथं उभं केलं आणि मागं तोंड करायला लावलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा बरोबर होते. मी चुकलो. त्यांना धड विचारायच्या आधी फोटो दाखवला."

सासरे धापा टाकत खुर्चीत बसले होते. मला वाटलं, खूश होतील. पण त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

"लई भ्यालो व्हतो, पावणं," ते म्हणाले. "म्हनलं, मंचरला काय आणायचं ते गेलं तर जाऊ दे. पर जहाज बी गेलं डोक्यातनं, तर मग म्या कोन ऱ्हायलो?"

मेहुणा खाली बघत होता. मी त्यांचा हात धरला. पायांवर डोकं सणासुदीला ठेवत होतोच, हात कधी धरला नव्हता.

दुपारी सगळे एका पंगतीला बसलो. सासूबाईंनी आग्रह करकरून वाढलं. तासाभरानं मी निघायला उठलो, तर सासरे लगबगीनं आडवे आले. "असं कसं, पावणं? न जेवता चालला व्हय?"

मी मेहुण्याकडे पाहिलं. तो बहिणीकडे वळला नाही. उठला, आत गेला आणि दोन पाट मांडले, एक त्यांच्यासाठी, एक माझ्यासाठी.

"जेवतो की, मामा," मी म्हणालो, आणि हात धुवायला गेलो.