माळवदावरून येणारी हाक

परवा मुलाच्या स्वयंपाकघरात फॉल्स सीलिंग बसत होतं, आणि कापलेल्या प्लायवूडच्या वासानं सत्तरच्या दशकातलं आमचं सोलापूरचं मातीच्या माळवदाचं घर आठवलं. चुलीचा धूर जायला वर सवणं होतं. शेजारच्या मावशी माळवदावर मिरच्या वाळत घालताना त्यातून डोकावायच्या, "काय शिजतंय गं? लई वास सुटलाय की." आई मान वर करून सांगायची. पुढे स्टोव्ह आला, आणि आमटीत माती पडते म्हणून आईनंच वडिलांच्या मागे लागून खालून प्लायवूडचं छत ठोकून घेतलं; त्यात सवणंही झाकलं गेलं. दुसऱ्या दिवशी वरून हाक आली. आईनं ओ दिली, पण ती वर पोचली नाही, आणि पावलं लांब गेली. मावशींचं घर शेजारीच होतं, पण मुद्दाम जाऊन बोलण्यासारखं दोघींत कधी काही नव्हतंच. फोडणी घातली की आई मात्र सवयीनं वर बघायची. चिमूटभर माती पडली असती तर पडली असती, असं आता वाटतं.